उसावरील लोकरी मावा : फवारा की थोडी सबुरी?



2002 सालच्या पावसाळ्यात सांगली भागात लोकरी मावा उसावर उतरला, ते दिवस पुष्कळांना आठवत असतील. पानांखाली पांढरी लोकर, खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. हिरवागार फड काजळी धरल्यासारखा दिसे. वजन आणि साखरउतारा दोन्ही जाणार, म्हणून जो तो पंप पाठीवर घेऊन धावला.

पण मंडळी, पुरुषभर उंच, लोळलेल्या उसात पंपवाला शिरणार कसा? मावा राहतो पानाच्या खालच्या अंगाला. अंगावरच्या मेणचट लोकरीमुळे औषध नीट भिजत नाही. मादी नराशिवायच पिले देते, तेव्हा मागे राहिलेल्या थोड्या माव्याची पुन्हा फौज तयार होते. औषधाने मरतात ते मात्र माव्याला खाणारे किडे!

तेव्हा आधी फडात जा. चार ठिकाणची पाने उलटी करून बघा. लोकरीतच रेशमी जाळी विणून राहणारी अळी दिसली तर ती डिफा, म्हणजेच कोनोबाथ्रा. दोन्ही टोकांना निमुळती, चपळ अळी मायक्रोमसची. या दिसल्या की फवारा मारू नका. मावा आधी वाढतो, हे किडे मागून येतात. मधले काही आठवडे जिवाला घोर लावतात, शेजारी नावे ठेवतात; पण त्याच वेळी हात आवरायचा असतो.

आता हात आवरायचा म्हणजे बांधावर बसून राहायचे, असे नव्हे. ऊस लहान असून मावा थोड्याच जागी असेल तर ती पाने काढून जाळा. मावा लागलेले वाढे वैरणीला दुसऱ्या गावी नेऊ नका. कीड अशीच पसरते. युरियाचा हात आखडता घ्या. मित्रकिडे मुळीच नसतील तर हेक्टरी डिफाच्या 1000 किंवा मायक्रोमसच्या 2500 अळ्या सोडाव्यात. मित्रकिडे नाहीत, मिळतही नाहीत आणि ऊस पंप शिरण्याजोगा आहे, तरच कृषी विद्यापीठाच्या शिफारशीचे औषध पानांच्या खालून बसेल असे फवारा.

तोडणीनंतर पाचट पेटवू नका, त्यात या किड्यांचे कोष असतात. आणि तुमच्या फडात डिफा भरपूर असेल, शेजारच्या माव्यात नसेल, तर अळ्यांसकट पाच-पन्नास पाने कापून त्या उसाच्या पानांत खोचून या.