दुर्बिणीचे ऑपरेशन आणि आपले दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमच्या ऑपरेशनचेच सांगा, चारचौघींच्या उपयोगी पडेल." म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या घरात पित्ताशयातील खड्यांची दोन ऑपरेशने झाली. थोरल्या जाऊबाईंचे पोट उघडून झाले, आणि गेल्या वर्षी माझे दुर्बिणीतून. जाऊबाईंना उजव्या बरगडीखाली वीतभर छेद होता. त्यात कातडीबरोबर पोटाचे स्नायूही कापावे लागतात. श्वास घेताना, खोकताना, कुशीवर वळताना तेच स्नायू ताणले जातात. खोकला आला की जाऊबाई उशी पोटाशी घट्ट धरीत. दुखते म्हणून श्वास वरवर घेतला तर छातीत कफ साठतो. म्हणून नर्सबाई त्यांना पुन्हा पुन्हा दीर्घ श्वास घ्यायला लावीत. सहा दिवस त्या दवाखान्यात होत्या.

मला मात्र चार लहान छिद्रे, आणि दोन दिवसांत घरी. पित्ताशयाचे असे ऑपरेशन १९८५ साली जर्मनीत प्रथम झाले. आपल्या देशात ते १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी केले. जखमेचे दुखणे यात पुष्कळच कमी, हे अगदी खरे.

पण ऑपरेशनच्या रात्री पोटापेक्षा माझे खांदेच ठणकू लागले. वाटले, हृदयाचेच काही झाले. तरी रात्री कुणाला कशाला उठवायचे, म्हणून मुलांचे तोंड आठवीत गप्प पडून राहिले. सकाळी डॉक्टरांनी उलगडा केला. आतले नीट दिसावे म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवतात. थोडा वायू मागे राहतो व छाती-पोटामधल्या पडद्याला झोंबतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून दुखणे खांद्यात जाणवते. हिंडूफिरू लागले की ते दोनतीन दिवसांत ओसरते. पण ते रागावलेही. "छातीत दुखले, धाप लागली, तर वायूच असेल असे मानून गप्प बसायचे नाही. तत्काळ सांगायचे!"

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "टिकलीएवढ्या तर जखमा, किती दिवस निजायचे?" मलाही लाज वाटली. चौथ्या दिवशी पाण्याची बादली उचलली, आणि बेंबीजवळ अशी कळ आली की तिथेच खाली बसले. तेव्हा जाऊबाईंनीच बादली घेतली व म्हणाल्या, "आई, छिद्रे बाहेरून लहान. आतून जे काढले, ते माझे आणि हिचे सारखेच." सासूबाई काही बोलल्या नाहीत; पण दुसऱ्या दिवसापासून पाणी मुलांनी भरले.

भगिनींनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. दुखणे सोसण्यात मोठेपणा नाही. गोळी सांगितलेल्या वेळी घ्यावी, म्हणजे श्वास घेता येतो, चालता येते. दुसरे, दुखणे दिवसेंदिवस उतरले पाहिजे. ते वाढले, पोट फुगले, ताप आला, उलट्या थांबेनात किंवा डोळे पिवळे दिसले, तर ऑपरेशन कोणतेही असो, लगेच डॉक्टरांकडे जावे. तिसरे, दुर्बिणीने सुरू केलेले ऑपरेशन कधी कधी मध्येच पोट उघडून पुरे करावे लागते. ते रोग्याच्या सुरक्षिततेसाठी असते. त्याविषयी आधीच विचारून घ्यावे.

आणि शेजारणींना एक विनंती. समाचाराला जाल तेव्हा टाके किती ते मोजू नका. तिची एक बादली भरून द्या.