पाहुण्याला मुंबई कोण दाखवणार?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "यंदा पर्यटनावर बोला." मी म्हटलं, चेष्टा करता काय? पर्यटन हा आपल्या वस्तीचा विषय आहे का? मी गिरणीतला माणूस. १९८९ साली बदली म्हणून लागलो, साचाखात्यात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, मुंबईतल्या उरल्यासुरल्या सरकारी गिरण्या थांबल्या, त्यात माझीही थांबली. पर्यटन म्हणजे पैसेवाल्यांची सुटीतली हौस, असंच मी पन्नाशीपर्यंत समजत होतो. पण आमच्या घरात एक प्रकार घडला आणि तीन दिवस भांडण चाललं. त्या भांडणातूनच हे भाषण निघालं आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

पावसाळा संपल्यावर आम्ही चाळीतले आठ-दहा जण कान्हेरीला गेलो होतो. बोरिवलीच्या उद्यानातून वर चढलो. तीन नंबरच्या लेण्यात, जिथं दाराशी दोन्ही बाजूंना बुद्धांच्या भल्यामोठ्या उभ्या मूर्ती आहेत, तिथं परदेशी पाहुण्यांचा एक घोळका होता. त्यांना घेऊन आलेला गृहस्थ इंग्रजीत सांगत होता की ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. मला इंग्रजी बेताचंच कळतं, पण "पांडव" हा शब्द कळला. वर आणखी तो म्हणाला की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येणार असाल तर दादरकडे फिरकू नका, फार गर्दी असते.

माझी पुतणी बी.ए.ला आहे. रविवारच्या वर्गात धम्मलिपी शिकलेली. ती पुढं झाली आणि म्हणाली, माफ करा, मी थोडं सांगू का? मग तिनं सांगितलं की हे चैत्यगृह सातवाहनांच्या काळात गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांनी करवलं. बाहेर पाण्याच्या टाक्यांजवळ नेऊन कोरलेला "पोढी" हा शब्द बोट ठेवून वाचून दाखवला. कल्याणच्या सोनारानं टाकं दिलं, कल्याणच्याच एका लोहारानं पायवाट दिली, असले लेख तिथं आहेत. राजानंच सगळं केलं असं नव्हे. हातावर पोट असणाऱ्या माणसांनीही दिलं. पाऊणएक तास ती बोलली. तो गृहस्थ बाजूला मोबाईल पाहत उभा. निघताना त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पुतणीच्या हातात पाचशेची नोट ठेवली, आणि हिनं घेतली.

घरी आल्यावर माझ्या आईनं तिला धारेवर धरलं. "बुद्धाच्या दारात पैसे घेतलेस? लाज नाही वाटली?" पोरगी म्हणाली, "आजी, मी दान नाही घेतलं, मजुरी घेतली." झालं! अर्धं घर इकडं, अर्धं तिकडं. मी आईसमोर बोललो नाही. इथं बोलतो, आई पुढंच बसली आहे. आई, पोरीचं बरोबर होतं. आपल्या बापजाद्यांच्या घामाला या शहरानं कधी पुरता दाम दिला नाही. आता तिच्या शिक्षणाला कुणी दाम देत असेल तर तो ताठ मानेनं घ्यावा. मात्र पावती द्यावी, हे माझं युनियनवालं मत.

आता कान्हेरीतली दुसरी एक गोष्ट. नव्वद नंबरच्या लेण्यात पहलवी लिपीत लिहिलेले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये तिथं आलेल्या जरथुष्ट्र धर्माच्या माणसांनी, म्हणजे आज आपण ज्यांना पारशी म्हणतो त्यांच्या पूर्वजांनी, आपली नावं आणि तारखा कोरून ठेवल्या. दुसऱ्या धर्माची माणसं डोंगर चढून बुद्धाचं लेणं पाहायला आली होती! हजार वर्षांपूर्वीचे आपले पर्यटक. (नावं कोरायची सवय तेवढी त्यांची घेऊ नका. आजकालची पोरं बदाम काढून नावं लिहितात, ते पाहून जीव जळतो.)

त्याच लेण्यात अवलोकितेश्वराचं शिल्प आहे. संकटात सापडलेल्यांना तो सोडवतो आहे, त्यात बुडणारं जहाजही आहे. सोपारा, कल्याण ही बंदरं जवळ, व्यापारी समुद्रावर जाणारे, त्यांना वादळाचं भय. हाच अवलोकितेश्वर पुढं चीनमध्ये गेला आणि तिकडं क्वान यिन नावाची देवी झाला. आणि ती क्वान यिन चिनी खलाशांबरोबर परत मुंबईला आली! माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळ, एक लहानसं चिनी देऊळ आहे. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा उदबत्तीच्या धुरात त्या मूर्तीकडं बघत बराच वेळ उभा राहिलो. आपण बौद्ध म्हणवतो आणि आयुष्य काढलं लालबाग-परळला, पण माझगावचं हे घर ठाऊक नव्हतं. वरळीचं जपानी बुद्धमंदिर तरी किती जणांनी आतून पाहिलं आहे? हात वर करा. बघा, चार हात.

मंडळी, मुद्दा इथं आहे. मुंबईत येणाऱ्या पाहुण्याला गेटवे, ताज, राणीचा हार आणि नटांचे बंगले दाखवतात. फार झालं तर धोबीघाट. पण ही मुंबई ज्यांनी केली ती माणसं कुठं आहेत? मशीद बंदर स्टेशनवरून आपण हजार वेळा गेलो. ती मशीद कुठली? ते नाव ज्यू लोकांच्या प्रार्थनागृहावरून पडलं असं सांगतात. १७९६ साली तिथं बेने इस्राएल समाजाचं सिनेगॉग उभं राहिलं. हे लोक कोकणातले, तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची बोली मराठी. आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर. आहे की नाही आपलं माणूस?

आमच्या गिरण्यांचंच घ्या. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर या पारशानं काढली, ताडदेवला. पुढं बगदादहून आलेल्या ससून या ज्यू घराण्यानं गिरण्या घेतल्या. त्यांच्याच समूहाचं पुढं इंडिया युनायटेड झालं, लोकांच्या तोंडी इंदू मिल. दादरच्या त्याच इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचं भूमिपूजन २०१५ साली झालं. पारशी, ज्यू, मारवाडी, भाटिया मालक. साच्यावर कोकणातले आणि घाटावरले मराठे, उत्तरेकडचे मोमीन विणकर. आणि आपण? आपल्या आजोबांना साचाखात्यात घेत नव्हते. धागा तुटला की तोंडात धरून जोडावा लागे, अस्पृश्याच्या तोंडाचा धागा इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धरून लावला. माझे आजोबा रिंगखात्यात मेले. मी साच्यावर बसलो. ही गोष्ट मुंबईच्या कोणत्या सहलीत सांगतात, मला दाखवा! ज्या दिवशी एखादी मुलगी चिमणीखाली उभी राहून पाहुण्यांना हे सांगेल, त्या दिवशी मी म्हणेन की मुंबई दाखवली.

आणि आता सहा डिसेंबर. दरवर्षी चार-पाच दिवस आधीपासून शिवाजी पार्क भरायला लागतं. लाखो माणसं येतात. सकाळी वर्तमानपत्र उघडा, त्यांच्यासाठी कोणता शब्द असतो? गर्दी. वाहतुकीत बदल, अमुक रस्ता बंद. मी विचारतो, परगावाहून येऊन चार दिवस राहणारा, दोन पैसे खर्चणारा, पिशव्या भरभरून पुस्तकं विकत घेऊन जाणारा माणूस, याला पर्यटक का म्हणत नाहीत? विमानानं येत नाही म्हणून? २०१६ साली सरकारनं चैत्यभूमीला "अ" वर्ग पर्यटन व तीर्थस्थळाचा दर्जा दिला. चांगलं झालं. पण दर्जा जागेला मिळाला, पाहुण्याला मिळाला का?

आमच्या चाळीच्या गॅलरीत अकोल्याकडचं एक कुटुंब उतरतं. त्यातले आजोबा म्हणाले, "भाऊ, तीस वर्षं झाली येऊन राहिलो. दादर टेसन ते चैत्यभूमी, एवढीच मुंबई पाहिली." मला चर्रर्र झालं. तीस वर्षं आमच्या गॅलरीत झोपतात आणि आम्ही त्यांना चहापलीकडं काही दिलं नाही. त्या वर्षी सात तारखेला त्यांना परळच्या बीआयटी चाळीत नेलं. एक नंबरची चाळ, दुसरा मजला, पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्या. बाबासाहेब तिथं वीस वर्षांहून जास्त राहिले. शाहू महाराज तिथं जिने चढून आले. आजोबांनी उंबऱ्याला हात लावला आणि म्हणाले, "एवढीशी खोली!" मग राजगृह. तिथून चालत पारशी कॉलनी, पुढं माटुंग्याला मद्रासी खानावळीत केळीच्या पानावर जेवण. आजींनी रस्सम पिऊन पाहिलं आणि विचारलं, "हे सार कोणत्या गावचं?" संध्याकाळी माहीमला. तिथं सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या लावतात. जवळच मखदूम बाबांचा दर्गा. डिसेंबरातच बाबाचा मेळा असतो आणि त्यात मुंबई पोलिसांचा मान असतो. एकाच महिन्यात, एकाच किनाऱ्यावर, अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर सहा डिसेंबर, बाबाचा मेळा आणि नाताळ. कोणत्या शहराला हे लाभलंय?

आता तक्रारी. कमिटीतल्या एका ज्येष्ठ बंधूंनी मला सांगितलं, "आपली पवित्र स्थळं म्हणजे पिकनिक स्पॉट नव्हेत." शंभर टक्के मान्य. चैत्यभूमीत शांतता, पादत्राणं बाहेर, सेल्फीचा धिंगाणा नको. पण आपण दाखवायचं नाही म्हटलं तर दुसरा दाखवतो, आणि पांडव सांगतो! दुसरे एक बंधू म्हणाले, "इतरांचे दर्गे-चर्च दाखवून आपल्याला काय?" त्यांना माझं म्हणणं एवढंच की हजार वर्षांपूर्वी जे पारशी कान्हेरीला चढले त्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता. आणि आपण इतरांच्या दारात सन्मानानं गेलो तरच ते आपल्या विहारात येतील. गेल्या वैशाख पौर्णिमेला खिरीची पातेली भरून ठेवली आणि बाहेरचा एकही माणूस आला नाही. कारण कुणाला आपण बोलावलंच नव्हतं.

तिसरी तक्रार माझीच. आमच्या चाळीत एकदा कॅमेरेवाल्यांचं टोळकं आलं. मोरीचे, नळावरच्या रांगेचे, वाळत घातलेल्या लुगड्यांचे फोटो काढले. कुणाला विचारलं नाही. बायका दारं लावून बसल्या. गरिबी दाखवून पैसे मिळवणारं पर्यटन मला नको. पाहुणा घरात बोलावल्यावर येतो, तो आल्यावर चहा होतो, गप्पा होतात. नुसतं बघून जातो त्याला आपल्याकडं पाहुणा म्हणत नाहीत.

आणि पैसा कुणाच्या हातात जातो तेही पाहिलं पाहिजे. घारापुरीची लेणी १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेली. देशोदेशीचे लोक लाँचनं जातात. पण त्याच बेटावरच्या शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या तीन गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ साली! तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर. जगभरचे पाहुणे येत होते आणि यजमान अंधारात. आपल्या वस्तीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही. चाळींचा पुनर्विकास होईल, टॉवर होतील, आपण वर जाऊ. पण खालची गोष्ट सांगणारा उरला नाही तर काय दाखवणार, लिफ्ट?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. विहाराच्या वाचनालयात दर रविवारी दोन तास. मुलामुलींनी आपापल्या भागाची माहिती गोळा करायची, जुन्या माणसांकडून ऐकून लिहून घ्यायची. ऐकलेलं सगळं खरं नसतं, तेव्हा पुस्तकात ताडून पाहायचं. धम्मलिपीचा वर्ग चालूच आहे. इंग्रजी संभाषणाचा वर्ग सुरू करू. पर्यटन खात्याचे अभ्यासक्रम असतात, ते करायचे, जिथं परवाना लागतो तिथं परवाना काढायचा. बेकायदा काही नको. डिसेंबरात गावाकडून आलेल्या आपल्या माणसांना चार, पाच आणि सात तारखेला फुकट फिरवायचं, त्यांच्याकडून एक पैसा नको. हॉटेलात उतरणाऱ्याकडून मात्र घ्यायचा, आणि पावती. महिला मंडळानं जेवणाचं पाहिलं तर त्यांचा वेगळा हिशोब, तो मुलांच्या हिशोबात मिसळायचा नाही. गिरणीच्या सोसायटीत मी हिशोबाचे घोळ पुष्कळ पाहिलेत.

सुरुवात पुढच्या रविवारी. सकाळी साडेसहाला विहाराच्या पायऱ्यांजवळ जमायचं, बोरिवलीला जायचं. सोमवारी उद्यान बंद असतं, त्यामुळं कुणी "उद्या येतो" म्हणू नये. डबा आणि पाण्याची बाटली आपापली. माझी आई येणार आहे, तिला चढताना दोघांनी हात द्यावा. वर पोचल्यावर पुतणी वाचून दाखवील आणि आई फी देणार का ते तिथंच ठरेल.

जयभीम. नमो बुद्धाय.