शरीराचे घड्याळ आणि मेंदूतले रासायनिक निरोप

शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी असते. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच वर चेतापेशींचे दोन इवले पुंजके आहेत. ते नष्ट केले की दिवस-रात्रीचा क्रम विस्कटतो, हे 1972 साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले.

या पुंजक्यांतल्या बहुतेक पेशींना स्वतःची लय असते. ‘व्हीआयपी’ नावाचे पेप्टाइड एका पेशीतून सुटते, शेजारच्या पेशींना पोचते आणि साऱ्यांना एका तालावर ठेवते. माणसात हा ताल सरासरी 24 तासांहून दहा-अकरा मिनिटांनी लांब असतो. त्यामुळे घड्याळ रोज लावावे लागते, आणि ते काम मुख्यतः उजेड करतो.

डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींत मेलॅनॉप्सिन हे प्रकाशग्राही द्रव्य असते. उजेड पडताच त्यांच्या टोकांतून पुंजक्यात ग्लुटामेट सुटते. निरोप तोच, पण संध्याकाळनंतर आला तर घड्याळ मागे सरकते, पहाटेच्या सुमारास आला तर पुढे. भरदुपारी त्याचा फारसा परिणाम होत नाही.

अंधार पडल्यावर या पुंजक्यांचा निरोप मज्जारज्जू आणि मानेतल्या चेतागंडातून पिनियल ग्रंथीपर्यंत जातो. तिथे नॉरॲड्रिनॅलिन सुटते, ग्रंथी मेलॅटोनिन बनवू लागते आणि सगळ्या शरीराला रात्र झाल्याचे कळते. प्रखर दिवा डोळ्यांवर आला की मेलॅटोनिन घटते.

नांदगाव तालुक्यात रात्रीचे जागरण नवे नाही. मनमाड, नांदगाव ही रेल्वेची गावे. तिथे रातपाळी आलीच. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असली की शेतकरीही बॅटरी घेऊन बांधावर उभा असतो. सकाळी घरी परतताना ऊन डोळ्यांवर येते, ग्लुटामेट सुटते आणि मेंदू दिवस सुरू झाल्याचे धरून चालतो. अंग थकलेले असले तरी दिवसाची झोप तुटक होते, ती यामुळेच. तो आळस नव्हे, की मनाचा दुबळेपणाही नव्हे.

रातपाळीवाल्याने परतताना गडद चष्मा लावावा, झोपायची खोली काळोखी ठेवावी. घरच्यांनीही त्या वेळी शांतता पाळावी. पाळी संपून नेहमीचा दिवसक्रम सुरू झाला की सकाळचे ऊन मात्र रोज ठरल्या वेळी घ्यावे. घड्याळ पुन्हा जागेवर यायला काही दिवस लागतात.