प्रादेशिक हॉकी संघटनेचे वर्ष : स्पर्धा आणि कारभार

महाराष्ट्र हे एक राज्य असले, तरी हॉकीच्या कारभारात ते एक नाही. हॉकी इंडिया या राष्ट्रीय महासंघाशी संलग्न असलेल्या संस्थांमध्ये या एकाच राज्यातील तीन स्वतंत्र घटक आढळतात : हॉकी महाराष्ट्र, मुंबई हॉकी असोसिएशन लिमिटेड आणि विदर्भ हॉकी असोसिएशन. क्रिकेटमधील मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ ही विभागणी अंगवळणी पडलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. परंतु दोन्ही खेळांत ती एकाच कारणाने झाली, हे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे. खेळाच्या संघटना ब्रिटिश अमदानीतील प्रांत, छावण्या आणि बंदराची शहरे यांच्या आधाराने उभ्या राहिल्या. 1956 मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि राजकीय सीमा दोनदा बदलल्या, तरी नागपूरची संघटना नागपुरातच राहिली आणि मुंबईची मुंबईत. आपला वेगळा संघ आणि वेगळे मत सोडायला कोणतीही संघटना सहसा राजी होत नाही, हा या स्थैर्याचा दुसरा आणि कदाचित अधिक खरा खुलासा होय.

घटक संघटना म्हणजे ठरावीक प्रदेशातील क्लब, शाळा आणि जिल्हा संघटना यांना एका शिस्तीत आणून त्यांच्या खेळाडूंना राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचवणारी, आणि राष्ट्रीय महासंघाचे नियम खाली लागू करणारी मधली पायरी. तिच्या वर्षाचे मोजमाप साधारणपणे राष्ट्रीय स्पर्धेत मिळालेल्या पदकांवर केले जाते. हे मोजमाप सोयीचे असले तरी अपुरे आहे. पदक ही निवडक अठरा खेळाडूंची कमाई असते, तर संघटना चालते की नाही हे तिच्या सर्वांत खालच्या गटातील लीगचा शेवटचा सामना ठरलेल्या तारखेला खेळला गेला की नाही, यावरून कळते.

मुंबईचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे, कारण तेथे स्पर्धा आधी आली आणि संघटनेची शिस्त मागाहून. कलकत्त्यात 1895 मध्ये बेटन चषक सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी, 1896 मध्ये, मुंबईत आगाखान चषक स्पर्धा सुरू झाली. अखिल भारतीय पातळीवरचा हॉकी महासंघ मात्र 1925 मध्ये ग्वाल्हेरला स्थापन झाला, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे हा खेळ चषकांच्या आमंत्रणांवर चालला होता. 1928 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी संघ निवडावा म्हणून कलकत्त्यात पहिली आंतरप्रांतीय स्पर्धा भरली, तेव्हा बंगाल, संयुक्त प्रांत, पंजाब, राजपुताना आणि मध्य प्रांत असे पाचच संघ उतरले. त्यांत मुंबई नव्हती. निवडलेला भारतीय संघ बोटीवर चढण्यासाठी मुंबईत आला, तेव्हा त्याच मुंबईच्या संघाने त्याला 3-2 असे हरवले. आणि काही आठवड्यांत ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणार असलेल्या त्या संघाला निरोप द्यायला बंदरावर अवघे तीन जण हजर होते. मैदानावर सरस आणि संघटनेच्या बाबतीत अलिप्त असे हे शहर होते.

पुढील वीस वर्षांत चित्र पालटले. रेल्वे, कस्टम्स, टाटा यांसारख्या आस्थापनांचे संघ आणि लुसिटानियन्ससारखे क्लब यांच्या आधारावर मुंबईची लीग भरभराटीला आली, आणि 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात लिओ पिंटो, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस, वॉल्टर डिसूझा आणि रेजिनाल्ड रॉड्रिग्ज ही नावे झळकली. ही नावे वाचली की मुंबईतील गोवेकर आणि अन्य ख्रिस्ती वस्त्यांनी, त्यांच्या शाळांनी आणि जिमखान्यांनी या खेळाला काय दिले ते वेगळे सांगावे लागत नाही. त्यात एक गोष्ट सहसा नजरेआड होते : आस्थापनेचा संघ म्हणजे खेळाडूला नोकरी, आणि नोकरी म्हणजे लीगला दरवर्षी त्याच नावाचा, त्याच ताकदीचा संघ. आस्थापनांनी खेळाडूंची भरती आखडती घेतली, तसे लीगचे वरचे गट हळूहळू विरळ झाले. संघटनेच्या कागदोपत्री गट तेवढेच राहतात, संघांची नावेही पुष्कळदा तीच राहतात. उणे होते ते सामन्याच्या दिवशी मैदानावर येणारे अकरा जण.

लीग आणि बाद पद्धत यांतील फरक येथे स्पष्ट करणे जरूर आहे, कारण वर्षभराचा कारभार त्यावरच बेतलेला असतो. बाद पद्धतीत हरलेला संघ स्पर्धेबाहेर जातो, त्यामुळे बारा संघांची स्पर्धा अकरा सामन्यांत उरकते. एकेरी साखळीत, म्हणजे प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळतो त्या लीगमध्ये, त्याच बारा संघांना 66 सामने लागतात. पंधरा मिनिटांची चार सत्रे आणि मधल्या विश्रांती धरता एक सामना सव्वा तासाच्या आसपास जातो. त्यात मैदान एकच असेल, शालेय संघांना दुपार आणि नोकरदारांना संध्याकाळ द्यायची असेल आणि दिवसाला दोनच सामने बसत असतील, तर एकाच गटासाठी तेहतीस दिवस राखून ठेवावे लागतात. असे तीन गट आणि त्यांत महिलांची, सोळा आणि एकोणीस वर्षांखालील मुलामुलींची लीग घातली की वर्ष संपते. म्हणून आटोपशीर चषक स्पर्धेकडे प्रत्येक संघटनेची ओढ असते : आठवडाभरात निकाल लागतो, पुरस्कर्ता मिळतो, छायाचित्र छापून येते. पण बाद पद्धतीत पहिल्याच सामन्यात हरलेला मुलगा वर्षभरात साठ मिनिटे खेळतो, आणि साखळीतला शेवटच्या क्रमांकाचा संघही अकरा सामने खेळलेला असतो. खेळाडू घडवायचे काम ज्या संघटनेने अंगावर घेतले आहे, तिने या दोहोंतील काय निवडावे, यात मतभेदाला फारशी जागा नाही.

मैदानाचा प्रश्न याला जोडूनच येतो. गवतावर हॉकी होती तोवर पावसाळा ओसरून मैदान वाळल्याशिवाय हंगाम उघडत नसे. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली, भारत तेथे सातवा आला, आणि त्यानंतर प्रादेशिक संघटनांच्या अर्थकारणाची घडीच मोडली. ज्या संघटनेपाशी पूर्वी चार-सहा मोकळी मैदाने असत, तिला आता एका टर्फभोवती सगळे वर्ष फिरवावे लागते. 1982 च्या विश्वचषकाचे यजमानपद भूषवणारे चर्चगेटचे स्टेडियम (आताचे महिंद्रा स्टेडियम), पिंपरीतील नेहरूनगरचे मेजर ध्यानचंद स्टेडियम, बालेवाडी, कोल्हापूर अशी मोजकीच नावे राज्यात घेता येतात. पाण्यावर चालणारे टर्फ सामन्याआधी भिजवावे लागते, कारण ओल्या पृष्ठभागावर चेंडू वेगाने आणि न उसळता घसरतो आणि पडलेल्या खेळाडूची कातडी सोलवटत नाही. उन्हाळ्यात ज्या गावाला दिवसाआड पाणी येते, तेथील टर्फवर फवारे सुरू ठेवणे ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही, हे सांगायला नकोच.

संघटनेचा खरा ऐवज मात्र मैदानाच्या कडेला, तांत्रिक टेबलावर तयार होतो. सामन्याचा तक्ता हा एका पानाचा कागद असतो. त्यावर दोन्ही संघांचे खेळाडू त्यांच्या जर्सीच्या क्रमांकांसह येतात, कर्णधार आणि गोलरक्षक यांच्या नावांपुढे खूण केली जाते, प्रत्येक गोल कितव्या मिनिटाला आणि कसा झाला (मैदानी गोल, पेनल्टी कॉर्नर की पेनल्टी स्ट्रोक) हे नोंदले जाते. हिरव्या कार्डामुळे दोन मिनिटे, पिवळ्या कार्डामुळे किमान पाच मिनिटे आणि लाल कार्डामुळे उरलेला पूर्ण सामना बाहेर बसलेल्या खेळाडूंची नोंदही येथेच होते. शेवटी पंच, तांत्रिक अधिकारी आणि संघ व्यवस्थापक सह्या करतात. क्रमांक 7 च्या जागी 17 लिहिला गेला, तर एका मुलाचा गोल दुसऱ्याच्या नावावर जातो. व्यवस्थापकाने तक्ता न वाचताच सही केली असेल, तर ती चूक तशीच कायम राहते.

या कागदाला बाजारमूल्य आले आहे, हे गेल्या काही दशकांतील सर्वांत दूरगामी स्थित्यंतर होय. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेने दिलेले असावे लागते, आणि क्रीडा विभागाकडून त्याची पडताळणी होते. त्यामुळे राज्य संघातील अठरावे नाव कोणाचे, हा पूर्वी प्रशिक्षकाच्या पसंतीचा असलेला प्रश्न आता कुटुंबाच्या भवितव्याचा झाला आहे. निवड चाचणीच्या दिवशी मैदानाबाहेर पालकांची जी गर्दी दिसते ती निव्वळ कौतुकाची नसते. वयाच्या दाखल्यांतील फेरफार आणि न खेळलेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रे ही याच मूल्याची काळी बाजू; आणि तिच्यावर सामन्याच्या तक्त्यांचे जुने गठ्ठे नीट जपून ठेवण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.

कायद्याच्या अंगाने या संस्थांचे रूप एकसारखे नाही. महाराष्ट्रातील बहुतेक क्रीडा संघटना 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. अशा संस्थेत निवडणूक होऊन नवे पदाधिकारी आले, की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. हा अर्ज वेळेवर गेला नाही किंवा त्याला हरकत आली, की एकाच संघटनेच्या दोन कार्यकारिणी, दोन शिक्के आणि कधी कधी दोन संघ उभे राहतात. राज्यातील किती तरी खेळांची वर्षे या वादात वाया गेली आहेत. मुंबईची संस्था मात्र नावातील ‘लिमिटेड’ सुचवते त्याप्रमाणे कंपनी आहे. तिच्या वार्षिक सभेचे आणि हिशेबांचे नियम कंपनी कायद्यातून येतात. तीन घटकांची तुलना करताना हा भेद विसरून चालत नाही.

वरच्या पातळीवरील उलथापालथींचे धक्केही खाली बसतात. पुरुष संघ 2008 मध्ये ऑलिंपिकला पात्र ठरू शकला नाही, त्याच वर्षी जुना महासंघ निलंबित झाला आणि 2009 मध्ये पुरुष आणि महिला या दोन्ही विभागांचा कारभार पाहणारी हॉकी इंडिया स्थापन झाली. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्या घटनेतील आजीव अध्यक्षपदासारख्या तरतुदी बेकायदा ठरवून प्रशासक समिती नेमली, आणि त्यानंतरच्या निवडणुकीत माजी कर्णधार दिलीप तिर्की अध्यक्ष झाले. दोन्ही विभाग एकत्र आल्याचा लाभ जिल्ह्यांत उशिरा पोहोचला. 1982 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिलांना सुवर्णपदक मिळवून देणारी कर्णधार एलायझा नेल्सन पुण्यात जन्मलेली होती. पण तिच्यानंतर राज्यातील मुलींसाठी नियमित लीग उभी राहण्याऐवजी आंतरशालेय सामने आणि अधूनमधूनचे चषक एवढ्यावरच दीर्घकाळ भागवले गेले.

वर्षाचा शेवट राष्ट्रीय स्पर्धांनी होतो. 2025 पासून वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत संघांची अ, ब आणि क अशी श्रेणीवार विभागणी झाली असून कामगिरीनुसार वर चढणे आणि खाली उतरणे सुरू झाले आहे. पूर्वी दुबळ्या घटकाचा संघ दोन दारुण पराभव पत्करून परत येई आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा उतरे. आता त्या पराभवाची किंमत त्याला श्रेणीच्या रूपाने मोजावी लागते. तीन विभागीय घटकांत वाटल्या गेलेल्या राज्याला ही व्यवस्था विशेष जाचक ठरण्याचा संभव आहे, कारण खेळाडू रोजगाराच्या मागे जातो आणि रोजगार एकाच घटकाच्या हद्दीत एकवटलेला असतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेले धनराज पिल्ले मुंबईला येऊन महिंद्राच्या संघातून पुढे आले, तेव्हा राज्य न बदलताही त्यांचा घटक बदलला होता. राज्यांचे आणि आस्थापनांचे संघ अलीकडे वेगवेगळ्या राष्ट्रीय स्पर्धांत खेळू लागल्याने रेल्वेत किंवा तेल कंपनीत गेलेला खेळाडू त्याच्या मूळ घटकाच्या संघापासून आणखी दूर गेला आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण महिलांचे आहे. मार्च 2024 मध्ये नेहरूनगरला झालेल्या वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राने अंतिम फेरी गाठली आणि तेथे हरियाणाकडून हार पत्करली. याच सुमारास वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ या सातारा जिल्ह्यातील मुली भारतीय संघाच्या वर्तुळात आल्या. गावच्या शाळेतून त्या राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत पोहोचल्या होत्या. क्लबांच्या लीगमधून त्या घडलेल्या नव्हत्या. वार्षिक अहवालात अशा खेळाडूंची छायाचित्रे पहिल्या पानावर छापण्यास हरकत नाही. मात्र त्याच अहवालात किती जिल्ह्यांत लीग सुरू झाली, किती ठिकाणी पूर्ण झाली आणि किती सामने एकच संघ हजर राहिल्याने पुढे चाल देऊन निकाली काढले गेले, याचाही तक्ता छापला पाहिजे. तो आज सहसा छापला जात नाही, आणि सर्वसाधारण सभेत तो मागणारा सभासदही क्वचितच उभा राहतो.