बॉक्सिंगमधली मजा गेली कुठे?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला बजावलं होतं, दहा मिनिटं बोल, पण शाळेच्या आठवणींवर नको. त्यावर बोलणारे अकराजण आहेत. म्हटलं बरं झालं. मी आयुष्यभर लालबाग-परळच्या चाळींमधून केबलच्या वायरी ओढल्या. लोक टीव्हीवर काय बघतात, किती वेळ बघतात आणि कधी उठून जातात, एवढंच मला कळतं. तेव्हा त्यातलंच बोलतो.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १६ नोव्हेंबर २०२४ च्या सकाळी जे महाभारत झालं ते सगळ्यांना आठवत असेल. त्या दिवशी माईक टायसन आणि जेक पॉल यांची लढत होती. टायसनचं वय ५८, पॉलचं २७, आणि पॉल मूळचा यूट्यूबवाला. आपल्यातले निम्मे लोक सुट्टीचा दिवस असून पहाटे उठले. मंडणगडात नेटवर्क गेलं म्हणून दोघांनी स्कूटर काढून टेकडी गाठली. आणि बघितलं काय? दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या, त्यात टायसन दमलेला, पॉल जपून खेळणारा. शेवटी तर पॉलने वाकून नमस्कारच केला. मग ग्रुपवर निकाल लागला: ‘बॉक्सिंग संपलं. आता सगळा पैशाचा तमाशा.’

आता गंमत बघा. त्याच रिंगमध्ये, त्याच सकाळी, टायसनच्या आधी केटी टेलर आणि अमांडा सेरानो या दोन बायकांची लढत झाली. डोक्याला डोकं लागून सेरानोच्या डोळ्यावर खोल जखम झाली, रक्त वाहत होतं, तरी ती दहाही फेऱ्या पुढेच चालत राहिली. निकाल टेलरच्या बाजूने लागला, तोही तिन्ही पंचांच्या पानावर एका-एका गुणाने. स्टेडियममध्ये त्यावरून आरडाओरडा झाला. म्हणजे ज्याला आपण ‘संपलं’ म्हणत होतो ते अर्ध्या तासापूर्वीच आपल्यासमोर जिवंत होतं. आपल्या ग्रुपवर त्या लढतीबद्दल एकच मेसेज होता, आणि तो एका मैत्रिणीचा होता. तिच्याकडे मी नंतर येतो.

आपण दहावीत होतो तेव्हा, २२ नोव्हेंबर १९८६ ला, टायसनने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच फेरीत झोपवलं आणि विसाव्या वर्षी तो हेवीवेट विजेता झाला. ती त्याची कितवी लढत होती? अठ्ठाविसावी. पहिली व्यावसायिक लढत मार्च १९८५ मधली. वीस-एकवीस महिन्यांत अठ्ठावीस लढती! दर तीन आठवड्यांनी माणूस रिंगमध्ये. पेपर मुंबईहून एसटीने यायचा, आपल्याला बातमी शिळी मिळायची, तरी एक बातमी विसरायच्या आत दुसरी हजर. नाव जिभेवर राहायचं. आजचा मोठा विजेता वर्षातून दोनदा लढला तरी पुष्कळ झालं. मालिकेचा एक भाग दाखवून पुढचा सहा महिन्यांनी दाखवला तर आमच्या चाळीतल्या बायकांनी मला जिन्यावरून खाली ढकललं असतं.

त्याच्याही मागे जाऊ. शुगर रे रॉबिन्सन ५ फेब्रुवारी १९४३ ला जेक लामोटाकडून हरला. त्याची ती व्यावसायिक कारकिर्दीतली पहिली हार. तीन आठवड्यांनी, २६ फेब्रुवारीला, तो पुन्हा लामोटासमोर उभा राहिला आणि जिंकला. हे दोघे एकूण सहा वेळा भिडले. रॉबिन्सनच्या नावावर पुढे १९ पराभव लागले, आणि तरीही जाणकार त्याला सर्वश्रेष्ठ म्हणतात. आता मेवेदर घ्या. ५० लढती, ५० विजय, पराभव शून्य. मेवेदर आणि पॅकियाव यांनी लढावं असं जग २००९ पासून म्हणत होतं. ते लढले २ मे २०१५ ला, तेव्हा एक ३८ वर्षांचा आणि दुसरा ३६ चा. तिकिटांचे आणि टीव्हीचे सगळे विक्रम मोडले, पण लढत पाहून उठताना कोणाच्या अंगावर काटा आला नाही. आंबा झाडावर पिकून खाली पडेपर्यंत वाट पाहिली आणि मग पेटीत भरला, असा तो प्रकार.

याचं कारण तो शून्य. एकदा हरलास की भाव उतरला, असं व्यवहारात बसलं की प्रत्येकाचा माणूस त्याला सांगणार, याच्याशी आत्ता नको, अजून एक सोपा घे. बॉक्सर भित्रे झालेत असं मी मुळीच म्हणत नाही. रिंगमध्ये उतरणारा माणूस भित्रा नसतो. हिशेब भित्रा झालाय.

दुसरं, पट्टे. पूर्वी वजनी गट होते आठ. आता सतरा. आणि पट्टा देणाऱ्या मोठ्या संस्था चार. सतरा चोक अडुसष्ट! वर ‘हंगामी विजेता’, ‘सुपर विजेता’ वेगळेच. परवा माझ्या मुलाला विचारलं, आत्ताचा जगज्जेता कोण? त्याने मलाच उलट विचारलं, कोणाचा?

हे आपल्याला परकं नाही. आपण कोकणातली माणसं कुस्तीच्या नादाला फार लागलो नाही, पण महाराष्ट्र केसरी कोण झाला हे आपल्याकडेही दरवर्षी चवीने वाचलं जायचं. १९६१ पासूनची ती स्पर्धा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये संघटनांच्या भांडणात दोन स्पर्धा झाल्या, एक पुण्याजवळ फुलगावला आणि एक धाराशिवला. फुलगावला सिकंदर शेख केसरी, धाराशिवला शिवराज राक्षे केसरी. दोघेही तगडे पैलवान, कोणाच्या कर्तृत्वाबद्दल शंका नाही. पण एका महिन्यात दोन केसरी झाल्यावर सामान्य माणसाने कोणाचं नाव लक्षात ठेवायचं? कुस्तीवाल्यांनी आपल्याला दोन छान शब्द दिलेत. एक ‘निकाली कुस्ती’ आणि दुसरा ‘नुरा कुस्ती’. जी होते ती सगळी नुरा नसते, हे मला मान्य आहे. पण जी निकाली व्हायला हवी तीच लागत नाही, तेव्हा लोक तिला नुरा म्हणून मोकळे होतात.

आता वरळीचं सांगतो, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एनएससीआयचा हॉल. २६ जुलै २०१४ ला तिथे प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर. खरं सांगू, मी नाक मुरडतच गेलो होतो. भात कापल्यावर मळ्यात आखलेलं मैदान, तांबड्या मातीने रंगलेले गुडघे, गॅसबत्तीच्या उजेडातली पकड, हे ज्याने पाहिलंय त्याला ती गुळगुळीत मॅट आणि ते झगमगीत दिवे बघून काय वाटणार? पण तीस सेकंदांची चढाई, आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो. आपल्याकडे सामना शेवटाला आला की आघाडीवरचा संघ नुसता मध्यरेषेवर पाय घासून वेळ काढायचा, आठवतंय का? तो वेळकाढूपणा नियमाने मारून टाकला. आणि मुख्य म्हणजे, आठ संघ, प्रत्येकाला प्रत्येकाशी दोनदा खेळायचंच. ‘या संघाशी यंदा नको’ असं म्हणायची सोयच नाही. पाच आठवड्यांत, ३१ ऑगस्टला, अंतिम सामना झाला, जयपूर जिंकलं, विषय निकाली. पैसा त्याही खेळात आला, दिवे तिथेही आले, पण मजा वाढली.

त्याच हॉलमध्ये ५ ऑगस्ट २०१७ ला विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली यांची लढत झाली. दहा फेऱ्या, चांगली चुरस, विजेंदर गुणांवर जिंकला. डोकलामचा तणाव चालू होता, तर विजेंदर म्हणाला की हा पट्टा मी परत द्यायला तयार आहे, सीमेवर शांतता असू दे. टाळ्यांनी हॉल दणाणला. माझ्या शेजारचा मात्र मला विचारत होता, हा पट्टा नक्की कसला? कोणालाच नीट सांगता येईना. एक ‘आशिया पॅसिफिक’ होता, एक ‘ओरिएंटल’. त्यानंतर विजेंदर डिसेंबरमध्ये जयपूरला लढला, आणि त्याच्यापुढची लढत थेट जुलै २०१९ मध्ये, तीही अमेरिकेत. मार्च २०२१ मध्ये तो पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर, पहिल्यांदा हरला. ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारा भारताचा पहिला बॉक्सर आपल्या दारात, गोव्यात हरला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या नाक्यावर त्याची चर्चासुद्धा नव्हती. मला त्याचं वाईट वाटलं.

काहीजण म्हणतात, पूर्वीच्या पंधरा फेऱ्यांत जो थरार होता तो बारात नाही. इथे मी थांबतो. १३ नोव्हेंबर १९८२ ला दक्षिण कोरियाचा किम डुक-कू रे मँचिनीशी लढताना चौदाव्या फेरीत पडला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर फेऱ्या बारावर आल्या. ज्या मनिलाच्या लढतीचे आपण गोडवे गातो, १ ऑक्टोबर १९७५ ची, तिच्याबद्दल अली स्वतःच म्हणायचा की मरणाच्या इतका जवळ मी कधी गेलो नव्हतो. त्याचे पुढे थरथरणारे हात आपण सगळ्यांनी पाहिलेत. तेवढा थरार कमी झाला असेल तर होऊ दे. चौदाव्या फेरीत कोणाचा तरी मुलगा असतो.

बाकी लढणाऱ्यांमध्ये दम नाही असं कोणी म्हणालं तर मी ऐकणार नाही. जपानचा नाओया इनोउए बघा. ठेंगणा, हसरा पोरगा, दोन वेगवेगळ्या वजनांत चारही पट्टे एकत्र केलेला. १८ मे २०२४ ची उसिक आणि फ्युरीची लढत बघा. लेनॉक्स लुईसनंतर, म्हणजे १९९९ नंतर पहिल्यांदा हेवीवेटमध्ये एकच राजा ठरला. नवव्या फेरीत एवढा सहा फूट नऊ इंची फ्युरी दोरखंडावरून दोरखंडावर हेलपाटत होता. पंचवीस वर्षांनी लागलेला निकाल! आणि तो टिकला किती? दीड महिनासुद्धा नाही. कोणाशी आधी लढायचं या नियमापायी जूनमध्येच उसिकला एक पट्टा सोडावा लागला. खेळाडूने निकाल लावला आणि कागदाने तो परत बिघडवला.

आता ती मैत्रीण. नाव सांगत नाही, ती समोरच बसली आहे आणि मला डोळे वटारते आहे. तिची मुलगी बॉक्सिंग शिकते. टायसनची लढत झाल्यावर तिने मला फोन करून विचारलं, ‘अरे, तू हे सगळं बघतोस, पोरीला यात ठेवू की काढू? सगळे म्हणतायत खेळ संपला.’ मी तिला म्हटलं, बाई गं, टीव्हीवरचा बाजार आणि तुझ्या लेकीचं बॉक्सिंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तिच्या स्पर्धेत तीन फेऱ्या असतात आणि समोर कोण येणार ते चिठ्ठी ठरवते. टाळायची सोय नाही. मेरी कोम, लव्हलिना, निखत जरीन याच वाटेने आल्या. खेळाडूंसाठी महाराष्ट्रात सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, त्याचे निकष आत्ताच वाचून ठेव. व्यावसायिक व्हायचं म्हणाली तर पंचविशीत बघू. आणि डोक्याला मार लागला की महिनाभर सराव बंद, मग स्पर्धा कितीही मोठी असो. हे कोचला लेखी दे.

तिने मला विचारलं, आणि टेलर-सेरानोची लढत? पोरीने ती तीन वेळा बघितली म्हणे. चौथ्यांदा आईला शेजारी बसवून बघितली.

सर घड्याळ बघतायत. पी.टी.च्या तासालाही असंच बघायचे. ज्यांना उसिक-फ्युरीची लढत बघायची असेल त्यांनी जेवणाच्या पंगतीत माझ्याशेजारी बसा, मोबाईलमध्ये आहे. नवव्या फेरीपासून लावतो.