शिकाऊ भूवैज्ञानिकाचं काय होणार?



निकालांचे दिवस जवळ आले की ओळखीचे पालक विचारायला येतात, मुलीला भूशास्त्र घ्यायचं आहे, घेऊ द्यावं का? पूर्वी या प्रश्नामागे नोकरी मिळेल की नाही एवढीच काळजी असायची. आता त्यात दुसरी मिसळली आहे: मिळालेली नोकरी संगणक काढून घेईल का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देणं बरं नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला ते पारखता येईल. भूशास्त्रज्ञाची गरज कमी होणार नाही, उलट वाढेल. पण या व्यवसायातली उमेदवारीची वर्षं, म्हणजे नवा माणूस ज्या कामांवर तयार होतो ती कामं, यंत्राकडे चालली आहेत. त्यांच्या जागी आपण दुसरी सोय केली नाही, तर वीस वर्षांनी अनुभवी माणूस शोधूनही सापडणार नाही.

भूकंपशास्त्रापासून सुरुवात करतो, कारण तिथे यंत्राने माणसाला उघडपणे मागे टाकलं आहे. भूकंपाच्या दोन लहरी नोंदणी केंद्रावर पोचतात. आधी वेगवान पी लहर येते, मागून एस लहर. दोघींच्या येण्यामधल्या वेळेवरून भूकंप किती लांब झाला ते कळतं आणि तीन-चार केंद्रांच्या वेळा जुळवल्या की त्याची जागा आणि खोली काढता येते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ रिश्टरचा धक्का बसला, तेव्हापासून तो परिसर पुरता शांत झालेला नाही. तिथल्या हजारो लहान धक्क्यांच्या नोंदी कित्येक वर्षं माणसांनी डोळ्यांनी वाचल्या. समोर कागद, हातात भिंग आणि टोक काढलेली पेन्सिल. रेषा नेमकी कुठे उसळली? ही खरी लहर की शेजारच्या रस्त्यावरून गेलेल्या ट्रकची थरथर? हे ओळखायला नजर बसावी लागायची आणि ती बसायला वर्षं जायची.

२०१८ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात वेइचियांग झू आणि ग्रेगरी बेरोझा यांनी 'फेजनेट' नावाची प्रणाली तयार केली. ती हेच काम करते. न थकता करते, आणि रात्री तीन वाजताही तितक्याच लक्षाने करते. २०१९ मध्ये कॅलटेकच्या गटाने दक्षिण कॅलिफोर्नियाच्या दहा वर्षांच्या नोंदी वेगळ्या पद्धतीने पुन्हा चाळल्या. ओळखीच्या भूकंपांच्या ठशाशी जुळणाऱ्या बारीक खुणा त्यांनी संगणकाकडून शोधून घेतल्या. त्यांना १८ लाखांहून अधिक भूकंप सापडले, म्हणजे आधीच्या यादीच्या सुमारे दहापट. ही आनंदाची गोष्ट आहे. लहान धक्के दिसू लागले की जमिनीखालच्या भेगांचा आकार उमटू लागतो. हातांनी हे कधीच झालं नसतं. केवळ लहरींच्या वेळा टिपण्यासाठी माणूस नेमायचे दिवस संपले आणि त्याचं दुःख मी करणार नाही.

पण ही 'फेजनेट' शिकली कुठे, तेही पाहा. तिला उत्तर कॅलिफोर्नियातल्या ३० वर्षांच्या नोंदींमधले सात लाखांहून अधिक नमुने दाखवले गेले आणि त्या प्रत्येकावर कुणातरी विश्लेषकाने हाताने खूण केलेली होती. यंत्राची नजर ही त्या माणसांची साठवलेली नजर आहे. सूक्ष्म जीवाश्मांच्या बाबतीतही हेच झालं. समुद्रतळाच्या गाळातली फोरामिनिफेरांची कवचं ओळखणारी यंत्रणा उभी करायला ३४ हजारांहून अधिक छायाचित्रांना जाणकारांनी आधी नावं द्यावी लागली. ज्यांच्या हातचं काम यंत्र घेतं आहे, तेच त्याचे गुरू आहेत. मग नव्या प्रदेशासाठी, नव्या खडकासाठी यंत्राला पुढचे धडे कोण देणार? कॅलिफोर्नियात शिकलेली प्रणाली सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये आणली तर तिची उत्तरं तपासायला कोयनेच्या नोंदी स्वतः वाचलेला माणूस लागतो.

आणखी एक हकीकत सांगतो, कारण माझ्या मते प्रत्येक विद्यार्थ्याला ती माहीत हवी. २०१८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. मोठ्या भूकंपानंतरचे धक्के कुठे बसतील हे सांगण्यासाठी त्यात अनेक थरांचं कृत्रिम मज्जाजाल वापरलं होतं, १३ हजारांहून अधिक गुणांक असलेलं. त्याची खूप चर्चा झाली. दुसऱ्याच वर्षी त्याच नियतकालिकात आर्नो मिन्यां आणि मार्को ब्रोकार्डो यांनी दाखवून दिलं की अवघ्या दोन गुणांकांचं साधं सूत्र तेवढंच चांगलं उत्तर देतं. भूकंपात खडक किती सरकला आणि तिथून आपण किती दूर आहोत, एवढंच त्या सूत्राला लागतं. मोठ्या यंत्रणेने चूक केली नव्हती. ती जे सांगत होती ते बहुतेक आधीच ठाऊक होतं. हे ओळखायला भूकंपाचं भौतिकशास्त्र मुरलेलं असावं लागतं. पुढच्या काळात या नजरेला मोल येणार आहे.

खाणींबद्दल थोडक्यात बोलतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबाराच्या लोहखाणींत चालकाविना डंपर धावतात आणि त्यांच्यावर सुमारे दीड हजार किलोमीटर दूर पर्थमध्ये बसून लक्ष ठेवलं जातं. खाणीतल्या धुळीत आणि धोक्यात माणसं कमी झाली, हे चांगलंच झालं. आपल्याकडे तर २०१९ पर्यंत भूमिगत खाणीत स्त्रियांना काम करायला परवानगीही नव्हती. मुलीचं विचारणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगतो, कारण काम जितकं दूरस्थ आणि सुरक्षित होईल तितके तिच्यासाठी दरवाजे उघडतील.

आता आपल्या पायाखालच्या जमिनीकडे येऊ. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आजही जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. वरून पाहिलं तर सगळा एकच काळा दगड. पण शेतात बोअरची गाडी लागते तेव्हा तिच्याजवळ उभे राहा. घट्ट काळ्या कातळात हातोडा चालू असतो तोवर राखाडी पीठ उडत राहतं. मग एकाएकी ते विटकरी होतं. दोन लाव्हांच्या मधला लाल मातीचा पट्टा लागलेला असतो. त्याच्या खाली मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक, आला की हातोड्याचा आवाज बदलतो, चुऱ्यात झिओलाइटचे पांढरे कण दिसू लागतात. मग चुरा दमट होतो, गोळे धरतो आणि पाण्याची पहिली चाहूल लागते. हे सगळं तासाभरात घडतं. गाडीवाला फुटांचे पैसे घेतो आणि पुढच्या गावाला निघून जातो. चुऱ्याचा ढीग पावसात वाहून जातो. किती फुटांवर काय लागलं, ते बहुतेक वेळा कुणीच लिहून ठेवत नाही.

महाराष्ट्रात अशा किती बोअर झाल्या असतील! त्यातल्या प्रत्येकीची चार ओळींची नोंद असती, तर आज यंत्राला शिकवायला आपल्याकडे केवढं भांडार असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ते फार मोलाचं काम आहे. पण एका गावच्या दोन विहिरींत एक भरलेली आणि एक कोरडी असते, अशा या खडकात तेवढ्याने भागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला भूतकाळ लागतो, लिहून ठेवलेला भूतकाळ. जिथे तो नाही तिथे ती आत्मविश्वासाने अंदाज सांगते, आणि तो आकर्षक रंगीत नकाशावर छापलेला असल्यामुळे लोकांना खरा वाटतो.

दरडींच्या बाबतीत हे जिवावर बेततं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातल्या सुमारे ४.३ लाख चौरस किलोमीटर डोंगराळ भागाचे दरडप्रवणतेचे नकाशे केले आहेत. काम मोठं आहे आणि आवश्यकही. पण जुन्या दरडींच्या याद्या साहजिकच रस्त्यांच्या कडेने दाट असतात आणि आडरानात विरळ. त्याच याद्यांवर यंत्र शिकलं तर त्यालाही रस्त्याकडेचा धोका जास्त दिसणार. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी धोकादायक ठिकाणांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं. तिथे पोचायला गाडीरस्ता नव्हता, डोंगर चढूनच जावं लागत होतं. २०१४ मध्ये माळीण गाडलं गेलं, तेव्हा ती बातमी जगाला पहिल्यांदा कळली ती एसटीच्या चालकामुळे. उपग्रहांनी आता पुष्कळ मदत होईल. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला 'निसार' दर बारा दिवसांनी बहुतेक सगळी जमीन रडारने मोजतो, ढगांआडूनही. उतार सरकत असेल तर त्याच्या मोजमापात ते दिसू शकेल. पण वाडीत जाऊन, घरामागची भेग बघून, 'ही गेल्या पावसाळ्यात होती का हो?' असं आजीला विचारणारा भूवैज्ञानिक त्यामुळे कमी लागणार नाही. उलट उपग्रहाने शंकास्पद ठरवलेल्या प्रत्येक जागी कुणीतरी जायला हवं. ती माणसं आज आहेत त्याहून कितीतरी जास्त लागतील.

बोगद्यात ही गोष्ट सगळ्यांत स्पष्ट दिसते. सुरुंग उडाला, धूर निघून गेला, सैल दगड पाडून झाले की भूवैज्ञानिक पुढे जातो. समोरच्या ताज्या भिंतीवर त्याला सांधे बघायचे असतात: किती, कोणत्या दिशेने, किती अंतरावर, कोरडे की पाझरणारे, आणि फटीत चिकणमाती आहे का. त्यावरून खडकाची प्रत ठरते. बिएनियाव्स्कीची पद्धत १९७३ पासून आणि बार्टनची १९७४ पासून वापरात आहे. आता छायाचित्रांवरून सांधे मोजणारी यंत्रणा आली आहे आणि ती मोजणी माणसापेक्षा वेगाने आणि सुरक्षित अंतरावरून करते. पण फटीतली माती चिमटीत घेऊन ती बुळबुळीत लागते की भरड, हे छायाचित्रात येत नाही.

दुसरा मुद्दा बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. खडकाची प्रत ठरली की आधार ठरतो: नुसता सिमेंटचा फवारा पुरेल, की कातळात खिळे ठोकायचे, की पोलादी कमानी लावायच्या. आधारावर कंत्राटदाराचं बिल ठरतं आणि कामाचा वेगही. त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंनी दडपण येतं. कुणाला प्रत वरची हवी असते, कुणाला खालची. त्या कागदावर सही करणाऱ्याला दोघांनाही नाही म्हणता आलं पाहिजे आणि उद्या छत कोसळलं तर चौकशीसमोर उभंही राहता आलं पाहिजे. संगणकाचा अहवाल चौकशीसमोर उभा राहत नाही. ही सही आहे तोवर हा व्यवसाय आहे, असं मी ठामपणे मानतो.

मग काळजी कशाची? ती सही करणारा माणूस तयार कसा होतो, त्याची. कुणीही पहिल्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी निर्णय घेत नाही. आधी तो दुसऱ्याचे नकाशे गिरवतो, जमिनीतून काढलेल्या खडकाच्या गाभ्याच्या पेट्या उघडून फुटाफुटाने वर्णन लिहितो. ०.०३ मिलिमीटर जाडीच्या खडकाच्या चकतीत सूक्ष्मदर्शकाखाली ऑजाइट आणि प्लॅजिओक्लेजचे कण मोजतो. काम कंटाळवाणं असतं, पण पेटीमागून पेटी लिहिताना कधीतरी त्याला एक तुकडा 'बरोबर वाटत नाही', आणि तिथे भ्रंश निघतो. ही जाणीव या कंटाळवाण्या कामातूनच येते. विहिरीला पायऱ्या असतात म्हणून पाण्यापर्यंत उतरता येतं. खालच्या पायऱ्या तशाच ठेवून वरच्या चार काढल्या तर पाणी असूनही हाताला लागणार नाही. आज संस्था आणि कंपन्या वरच्या पायऱ्या काढत आहेत, कारण तेवढं काम यंत्र स्वस्तात करतं. एका वर्षाच्या हिशोबात ते फायद्याचं दिसतं.

माझ्या मते यावर उपाय आहे आणि तो फार महाग नाही. यंत्राने गाभ्याचं वर्णन लिहावं, पण नव्या माणसाने आधी स्वतः लिहावं आणि मग दोन्ही ताडून बघावं. फरक पडेल तिथे वरिष्ठाने त्याच्याबरोबर पेटीशी बसावं. यंत्रामुळे वाचलेला वेळ नव्या माणसाला डोंगरावर पाठवण्यात घालवावा. विद्यार्थ्यांनी पायथॉन शिकावं, उपग्रहाची माहिती हाताळायला शिकावं, यात दुमत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेची तयारी करणाऱ्यांनीही ते करावं. २०२३ च्या डिसेंबरपासून राष्ट्रीय भूवैज्ञानिक माहिती भांडारात देशाची कित्येक वर्षांची सर्वेक्षणं खुली होऊ लागली आहेत. ती चाळण्याचं काम पुढच्या पिढीचं आहे. पण जी मुलगी हे सगळं शिकेल आणि शिवाय गावात जाऊन शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत मांजऱ्याबद्दल बोलू शकेल, तिच्या नोकरीची काळजी करायचं कारण मला दिसत नाही.

प्राचार्यांना आणि विद्यापीठांना माझी कळकळीची विनंती आहे. क्षेत्रभेटींचे दिवस कमी करू नका. पडद्यावरची आभासी सहल ही तयारी म्हणून ठीक आहे, तिला सहलीच्या जागी बसवू नका. शासनाला विनंती आहे की भूवैज्ञानिकांची रिक्त पदं सॉफ्टवेअर घेतलं म्हणून रद्द करू नयेत.

आणि तुम्हा सर्वांना एक काम सांगतो. तुमच्या शेतात, गावात किंवा सोसायटीत बोअर घेतली जाईल तेव्हा एक वही घेऊन तिथे उभे राहा. किती फुटांवर चुऱ्याचा रंग बदलला, कुठे तो ओला झाला, पाणी किती फुटांवर लागलं आणि जागा नेमकी कुठली, एवढं लिहा. प्रत्येक थराचा मूठभर चुरा पिशवीत भरून तिच्यावर खोली लिहा. मग जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागात जा आणि ते तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती द्या.