कोप कुणाच्या वाट्यात?

पुण्या-मुंबईत राहणारी आम्ही लातूरकडची माणसे डिसेंबर जवळ आला की पंचांग काढून बसतो. नाताळची सुट्टी किती दिवस, याची चिंता आम्हाला नसते. येळवस कोणत्या वारी आली, ते पाहायचे असते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूरला जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. पुण्यात ती मागून घ्यावी लागते. त्यातून हा तिथीचा सण, तारीख मागेपुढे होते. 2024 साली तर येळवस दोनदा आली. एकदा 11 जानेवारीला आणि पुन्हा 30 डिसेंबरला. हे आमच्या साहेबांना समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. जानेवारीतली येळवस चुकलीच.

ज्यांनी हा सण पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कानडी मुलखात या दिवसाला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. आमचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. त्यामुळे या सणाने राज्याची सीमा ओलांडली असे म्हणण्यात अर्थ नाही. सण आधीचा, सीमा नंतरची.

मार्गशीर्ष संपताना रब्बीची ज्वारी उभी असते, हरभरा घाटे धरत असतो, तूर भरलेली असते. अशा वेळी काळ्या आईची पूजा करायची. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी करायची. तिच्यात पाच दगड चुना-काव लावून मांडायचे. ते पाच पांडव. नैवेद्याला भज्जी आणि आंबिल. ही भज्जी तळायची नव्हे. तूर, हरभरा, वाल, वाटाणा यांचे ओले दाणे, पालेभाज्या, बेसन आणि हिरवी मिरची एकत्र शिजवून ती करतात. आंबिल म्हणजे ताकात कालवलेले ज्वारीचे पीठ, मातीच्या भांड्यातले. जोडीला बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर. यासाठी घरातल्या बायका आदल्या रात्री झोपलेल्या नसतात, हेही सांगायला हवे. पूजा झाली की उभ्या पिकातून आंबिल शिंपडत फिरायचे आणि मग पंगत. ज्याला शेत नाही, त्याला कुणीतरी आपल्या शेतात बोलावतोच. त्या दिवशी दुपारी लातूर शहरात बाजारपेठेत चिटपाखरू दिसत नाही.

माझे आजोळ नांदेड जिल्ह्यातले, लोहा तालुक्यातले. तिकडे याच सुमारास, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू होते. घोड्यांचा, गाढवांचा, बैलांचा बाजार भरतो. माझे मामा हौशी. ते कधी येळवशीला वेळेवर आले नाहीत. आमची पंगत उठत आली की कपाळावर भंडारा आणि हातात रेवड्यांचा पुडा घेऊन यायचे. आई रागावायची, आणि त्यांचे ताट झाकून ठेवलेलेही तिनेच असायचे.

आमचे गाव औसा तालुक्यातले. आजोबांची चोवीस एकर जमीन. त्यांच्या मागे तिघा भावांत आठ-आठ एकर वाटली गेली. विहीर आणि तिच्याजवळचे लिंबाचे झाड थोरल्या काकांच्या वाट्याला आले. कोप आजोबांच्या काळापासून त्या लिंबाजवळ घातली जायची, ती तिथेच राहिली. पुढे बांधावरून काकांचे आणि माझ्या वडिलांचे बिनसले. सात वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. पण येळवशीला वडील डोक्यावर आंबिलीचे भांडे घेऊन त्याच कोपीशी जायचे. पंगतीत काका स्वतः वाढायला यायचे. "भज्जी?" "वाढा." सात वर्षांत दोघांचे संभाषण ते एवढेच. तेवढा धागा राहिला, म्हणून आठव्या वर्षी दोघे पुन्हा बोलायला लागले, असे मला वाटते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी आमच्याच तालुक्यात. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली त्या पहाटे हजारो माणसे गेली. आमच्या गावातली घरे तडकली. त्या हिवाळ्यात आजी घरात झोपायला तयार नव्हती. येळवशीला घातलेल्या कोपीत ती पुढे महिनाभर राहिली. म्हणायची, "कडबा अंगावर पडला तर झटकून उठता येतं."

आता 30 डिसेंबर 2024 कडे येतो. वडील आणि काका दोघेही आता नाहीत. पंगत झाल्यावर चुलतभावाने, आमच्या दादाने मला बाजूला घेतले. काकांचे शेत रत्नागिरी-नागपूर महामार्गाला लागून आहे. रस्ता झाला तसा भाव वाढला. दादा म्हणाला, "रस्त्याकडचं चार एकर देऊन टाकायलाव. विहीर बी त्यातच जातीया."

मी म्हणालो, "दादा, मग कोप?"

तो चिडला नाही. म्हणाला, "पोरगी लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करायली. खोलीचं भाडं, फी. वरून बँकेचं कर्ज. तू वर्षातून एकदा येतूस, जेवतूस, जातूस. तुला कोप दिसती. मला हप्ता दिसतो."

यावर काय बोलणार? लातूरच्या क्लासांसाठी राज्यभरातून मुले येतात. आमच्या गावच्या मुलीला पंचवीस किलोमीटरवरून तिथेच जायचे, तर तिलाही तेवढाच खर्च. त्यासाठी बापाने जमीन विकली, तर पुण्याहून सुट्टी काढून आलेल्या भावाने 'विकू नको' म्हणायचे, हा कुठला न्याय? माझी आठ एकर मी बटईने दिली आहे. तिथे कोणते पीक उभे आहे, हे मला दादालाच विचारावे लागते. निघताना तो म्हणाला, "कोपीचं एवढं असंल तर घाल की तुझ्या वाट्यात. कुणी नको म्हटलंय?"

पुण्यापर्यंत ते वाक्य माझ्या सोबत आले. इतकी वर्षे मी 'घरी जातो' म्हणत होतो आणि जात होतो पाहुण्यासारखा. कोप कुणी घातली, कडबा कुठून आला, पांडवांना चुना कुणी लावला, काही ठाऊक नसायचे.

चार एकर विकली गेली. 2025 ची येळवस 19 डिसेंबरला, शुक्रवारी आली. मी बुधवारी रात्रीच निघालो. गुरुवारी कडबा शोधायला लागलो, तेव्हा कळले की आमच्या शिवारात सोयाबीन आल्यापासून ज्वारी इतकी कमी झाली की कडबा विकत घ्यावा लागतो. बटईदाराने दोन गावे फिरवून पेंढ्या मिळवून दिल्या. कोप घालायला मला जमली नाही. एका बाजूला कलली. दादा आला, काही न बोलता त्याने सगळी सोडली आणि पुन्हा बांधली. जुन्या जागेवरचे पाच दगड त्याने आधीच पोत्यात भरून आणले होते.

शुक्रवारी एकतीस पाने उठली. दादाची मुलगी लातूरहून आली होती, पुस्तक घेऊन. जेवण झाल्यावर ती कोपीच्या सावलीत वाचत बसली. मामा थकलेत, तरी माळेगावहून आलेच, उशिरा. संध्याकाळी सामान आवरताना काकू म्हणाल्या, "पुढच्या साली जरा विहिरीच्या अंगानं घाल बाबा, पाणी लांबून आणावं लागतंय."

माझ्या वाट्यात विहीर नाही. कडब्याचे मात्र या खेपेला बटईदाराला आधीच सांगून ठेवले आहे. अर्धा एकर तरी ज्वारी पेर म्हटलेय.